खांदशेकणीचं आवतन

प्रिय सुचिता,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर मी काही विचारलं की "मी मजेत, तुझं सांग" म्हणून तू मोकळी होतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चहा घे, नीट बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझी सौसरला बदली झाल्यापासून वॉर्डातली तुझी खुर्ची रश्मीने बळकावली आहे. तीसुद्धा तुझ्यासारखीच मागच्या दोन पायांवर झुलते आणि मी तुझ्यावर ओरडायचे तशीच तिच्यावर ओरडते. ओरडून झालं की तुझी आठवण येते.

आपल्या पांढुर्ण्यात पोळा जवळ आला की घरोघरी पुरणाची डाळ निवडायला घेतात आणि दवाखान्यात आपण टाक्यांचं सामान काढतो, कारण दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीवर एकमेकांना दगड मारून झाले की सावरगावची आणि आपल्याकडची डोकी आपल्याच टेबलावर शेजारी शेजारी येतात, आणि तिथे मात्र एकमेकांना पाणी विचारतात. सिस्टर इन्चार्ज झाल्यापासून मी एकही पोळा घरी केला नाही. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, सगळ्या सणांना हाताखालच्या मुलींना सुट्ट्या द्यायच्या आणि त्यांच्या जागी आपण उभं राहायचं, यालाच मी इन्चार्जपण समजत होते. मुली खूश, मीही खूश.

यंदा मात्र सणाचं नावही नको वाटू लागलं. दवाखान्याच्या स्टँडवर स्कूटी लावून मी तिच्यावरच बसून राहायचे, आत जायला पाय उचलत नसत. पेशंटशी नीट बोलायचे, पण ते बोलणं दुसरंच कोणी बोलतंय असं वाटायचं. गोटमार झाली की नोकरी सोडते, असं मी घरी कुलदीपला सांगून टाकलं होतं. तुला हे सांगायची हिंमत झाली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ड्रेसिंग रूममध्ये पट्ट्या रचून ठेवत होते. मागून रश्मी आली आणि दार लावून घेतलं. बरोबर बाकीच्या मुली होत्या. एकीच्या हातात वाटी, एकीच्या हातात पळसाची पानं. मला स्टुलावर बसवलं, पदर बाजूला केला आणि हळद घातलेलं लोणी दोन्ही खांद्यांवर चोळायला लागल्या. मी उठू लागले तर रश्मी म्हणाली, "मॅडम, हालू नका. बैल हालते का?" सगळ्या खिदळल्या. खरं सांगते, मला आधी राग आला. मग तिने पळसाचं कोमट पान खांद्यावर दाबलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उद्या तुमच्या खांद्यावर जू नाही. आमी पाहून घेतो."

सुचिता, माझे बाबा तिगावला दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, आमच्या बैलांचे खांदे लोण्याने चोळताना हेच म्हणायचे. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस जू लावायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत. ते मलाही लागू होईल असं कधी मनात आलं नाही. मी रडले. मुलींसमोर, लोण्याच्या वासात, चांगली हुंदके देऊन रडले.

पोळ्याला तिगावला गेले, जेवले आणि झोपले. दवाखान्याचा फोन आला तर मी पळेन म्हणून आईने तो तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी गोटमारीला दवाखान्यात पोचले तर रश्मीने ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी आणून ठेवलेली, जे मी आजवर कोणाला करू दिलं नाही. जखमींना दाराशीच पट्टी होत होती, काम उलट लवकर सरकत होतं. भर गर्दीत तिने मला चादरींच्या खोलीत नेऊन बसवलं, पुढ्यात डबा ठेवला आणि मी पोळी संपवेपर्यंत दारात उभी राहिली. माझ्यावाचून सगळं चाललं याचं थोडं वाईटही वाटलं, लपवत नाही. पण संध्याकाळी स्कूटी सुरू करताना नोकरी सोडायचा विचार कुठे गेला ते कळलं नाही. कुलदीपने विचारलं, मी म्हटलं, राहू दे. या मुलींचे उपकार मी कशाने फेडू?

आणि आता तुझ्यावर येते. मागच्या आठवड्यात रश्मीच्या तोंडून निसटलं. म्हणे, सुचिता मॅडमनीच फोन करून सांगितलं होतं की अश्विनी समजावून ऐकणारी नाही, पण शेतकऱ्याची पोरगी आहे, पोळ्याच्या आवतनाला नाही म्हणणार नाही. माझं काही बिनसलंय हे तुला इतक्या दुरून कसं कळलं ग? बहुतेक माझ्या आवाजावरून. तुझा आवाज गेले दोन महिने तसाच येतो आहे, म्हणून मी मोनालीला फोन केला. तुझ्याच हाताखालची पोरगी, तिनेही लपवलं नाही. दिवाळीच्या सगळ्या ड्युट्या तू स्वतःकडे घेतल्यास आणि सकाळी आत जाण्याआधी पायरीवर बसून राहतेस. मोनालीने लक्ष्मीपूजनाची तुझी ड्युटी घेतली आहे, रागावू नकोस, मीच तिला घ्यायला सांगितली. आदल्या संध्याकाळी मी सौसरला येते आहे, लोणी घरचं आहे आणि पळस वाटेत मिळेलच. पोळा केव्हाच होऊन गेला म्हणून कारण काढू नकोस. तू मला दिलेलंच तुला परत देते आहे. आज आवतन घे, उद्या जेवायला ये.

तुझीच,
अश्विनी