ड्रॉवरमधल्या चावीविरुद्ध

४ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
बायकोने स्पोर्ट्स कारची चावी जप्त केली. कारण काय, तर काल बाहेर पडताना गाडी गेटच्या खांबाला घासली. खांब चुकीच्या जागी आहे हे मी सोसायटीला तीनदा लेखी कळवलंय. ती म्हणते, तुम्हाला दिसत नाही, आधी डोळे दाखवा, मग चावी. मला सगळं दिसतं. तिचा स्वभाव तर एकतीस वर्षं दिसतोय.

चावी तिच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली पर्समध्ये, पर्स तिच्या काखेत. मागणार नाही. नवी करून घेणार. दोन दिवसांचं काम. रविवारी तिच्या नाकावर टिच्चून गाडी बाहेर काढायची.

५ नोव्हेंबर
शोरूम. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, गाडी किती जुनी? एकोणीस वर्षं म्हटल्यावर अशा हळहळल्या, जणू घरात कोणी अंथरुणाला खिळलंय. म्हणाल्या, चावी कंपनीकडून मागवावी लागेल, गाडीचे कागद आणि मालकाची सही हवी. कागद दिले. ते बघून म्हणाल्या, मालकिणीला घेऊन या.

हे मी साफ विसरलो होतो. बारा वर्षांपूर्वी ही गाडी सेकंडहँड घेऊन घरी आलो, तो दिवस नेमका बायकोचा वाढदिवस निघाला. माझ्या लक्षात नव्हता. वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो, तुझ्यासाठीच तर घेतली. मग काय, कागद तिच्या नावावर करावे लागले. तिला ड्रायव्हिंग येत नाही. माणसाने चांगुलपणा तरी किती करावा.

बाईंना सांगितलं, आमच्या घरात सह्या कुठे करायच्या ते मी ठरवतो. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. उद्धट बाई.

७ नोव्हेंबर. संध्याकाळ
बाजारातला चावीवाला घरी आणला. बायको भाजी आणायला गेली होती. त्याने कुलपात डोकावून, कानस घासघासून तासाभरात चावी केली. दार उघडलं. शोरूमच्या बाईंची कीव आली.

आत बसलो, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दोन सेकंदांनी बंद. मग अलार्म. चावीवाला म्हणाला, साहेब, जुनी असली तरी हिच्या चावीत चिप आहे, ती ओळखल्याशिवाय गाडी चालू राहत नाही, ते माझं काम नाही. एवढं बोलून सायकलवर पसार. अलार्म अकरा मिनिटं वाजला. सगळी बिल्डिंग बाल्कनीत. बायको भाजीची पिशवी घेऊन गेटपाशी उभी. काही बोलली नाही. हे तिचं सगळ्यात घाणेरडं हत्यार.

८ नोव्हेंबर
रविवार. गाडी पार्किंगमध्येच.

जेवताना एकच शब्द बोलणं झालं: मीठ. मेहुण्याचा फोन. डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवतो म्हणे. बहिणीने चावी फिरवली की हा वाजतो. त्याला ब्लॉक केलं. आधी चुकून ऑफिसचे साहेब ब्लॉक झाले. फोनवर नावं फार बारीक दिसतात, कंपन्यांना अक्कल नाही.

११ नोव्हेंबर
चिपवाला सापडला. लॅपटॉप घेऊन घरी येतो. बायको शनिवारी तीन दिवस बहिणीकडे जातेय. आता गनिमी कावा.

१४ नोव्हेंबर. दुपारी १२.४०
चिपवाला आला. मला काका म्हणतो. सहन केलं.

त्याने सांगितलं, काका, आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधून जुन्या सगळ्या चाव्या पुसायच्या, मग नवी चढवायची. घरात दुसरी चावी असेल तर ती पण आणा, नाहीतर कायमची मरेल. मी म्हणालो, दुसरी चावी नाहीच, पुसा खुशाल. त्याने बटण दाबलं. दहा दिवसांत एवढा आनंद झाला नव्हता. ड्रॉवरमधल्या त्या चावीने आता कान कोरत बस म्हणावं.

दुपारी २.३०
नवी चावी चढवायला सात आकडी कोड लागतो. गाडीच्या पुस्तकात शेवटच्या पानावर चिकटवलेला आहे. चिपवाला म्हणाला, काका, मी वाचू का? गुप्त कोड परक्याला दाखवणारा मी नव्हे. स्वतः वाचला. चूक. पुन्हा वाचला. चूक. तो म्हणाला, आता शेवटचीच संधी, मला बघू द्या. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. पुस्तक उन्हात धरून, डोळ्यांत तेल घालून वाचला.

कॉम्प्युटर लॉक. नवी चावी चढली नाही, जुनी आधीच पुसलेली. मग त्याने पान बघितलं. म्हणे, काका, हे आठ आहेत, तुम्ही तीन वाचताय. छपाई भिकार आहे. आता गाडीचा कॉम्प्युटर कंपनीकडूनच बदलून घ्यावा लागणार. त्याला लागणार शोरूम. शोरूमला लागणार मालकिणीची सही.

१६ नोव्हेंबर
बायकोला संशय येणार नाही अशा बेताने सही कशी मिळवायची यावर विचार. तीन योजना तयार. तिन्ही उत्तम. दुपारी झोप लागली.

१७ नोव्हेंबर. संध्याकाळ
ती परत आली. चहा झाला. मग स्वतःच ड्रॉवर उघडून चावी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, मी जरा जास्तच ताणलं. त्या दिवशी खांबामागे वॉचमन उभा होता, तो तुम्हाला दिसलाच नाही, म्हणून मी घाबरले. डोळे दाखवा, पण चावी तुमच्याकडे असू दे. मग म्हणाली, चला, नुसती सुरू करून दाखवा, माझी गाडी म्हणता आणि मी तिच्यात कधी निवांत बसलेच नाही.

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. योजना तीन होत्या, ही चौथीच परिस्थिती. खाली गेलो. ती पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली. चावी फिरवली. लाल दिवा. पुन्हा फिरवली. लाल दिवा.

तिचा चेहरा पडला. म्हणाली, इतके दिवस बंद ठेवायला लावली म्हणून बिघडली, माझंच चुकलं, मला माफ करा.

हे वाक्य ऐकायला मी एकतीस वर्षं थांबलोय. त्यावर काय बोलायचं तेही पाठ होतं. पण लाज वाटली. म्हणालो, असू दे, जुन्या गाड्यांचं होतं असं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. शोरूमला जाऊन लागेल तिथे सही करते म्हणाली.

उद्या सकाळी तिला सगळं खरं सांगायचं. पक्कं ठरलं. सही झाली की लगेच.