पोटुशीचं ताट

आये, तुझी नात पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलीय, कराडला. सातवा सरलाय तिला. काल दुपारी जेवायला बसली आणि अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारलं. म्हणाली, "बास गं आई. मूल लय मोठं झालं तर मला झेपायचं न्हाई." काठवटीतल्या पिठात हात तसाच ठेवून मी तिच्याकडं बघत राहिले. ते बोलणं तिचं नव्हतंच, ते तुझं होतं. तू जाऊन चौदा वर्षं झाली, तरी माझ्या स्वयंपाकघरात तुझाच हुकूम चालतोय. आज दुकानाला सुट्टी आहे, म्हणून तुझ्याशी भांडायला बसलेय.

ही पोर माझ्या पोटात होती तेव्हा आपलं बिऱ्हाड कोरेगावच्या बाजूला एका रानात होतं. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती आणि बदल्यात ज्वारी दिली होती. म्हणजे दाणे नव्हते असं नाही. तरी तू मला अर्धी भाकरी आणि पळीभर हुलग्याचं पातळ माडगं वाढायचीस. आणखी मागितलं की म्हणायचीस, "बारकं मूल, सोपी सुटका." एकदा मी बांधाआड बसून ओंजळभर शेंगा खाल्ल्या. तू लुगड्यात अडकलेलं टरफल बघितलंस आणि सगळ्यांदेखत ओरडलीस, "जीव नको झालाय का तुला?" मला इतका राग आला होता की दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या थोरल्या बहिणीचं मूल वाटेवर अडलं, दवाखाना दोन मुक्काम लांब, आणि ती तुझ्या मांडीवर गेली, हे मला फार उशिरा कळलं. तू माझा घास तोडत नव्हतीस, मला वाचवत होतीस. हे कळल्यावर राग गेला माझा. पण आये, चुकलं ते चुकलंच.

सुटका सोपी झाली, हे खरं. पोर एवढी हलकी की सुईण म्हणाली, "पोरीपरीस दुपटंच जड हाय." मग मेंढरं विकली, आपण सगळे कराडला आलो, आणि मी ब्लाउज शिवायला लागले. मशीनवर नुसते पाय हलतात, माणूस जागचं हलत नाही. माणदेशातनं येऊन इथं राहिलेल्या आपल्या बायका माझ्याकडंच शिवतात. सगळ्या माझ्यासारख्याच, चार फूट आणि वर थोडं काहीतरी. पाठीची उंची आहे तेवढीच, आणि कमरेचा घेर दर दिवाळीला दोन बोटं पुढं. मी त्यांची चेष्टा करायची, "तुमच्यापायी माझी टेप संपायला आली गं." गेल्या वर्षी माझ्याच पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं आणि साखर निघाली. एकेकीला विचारलं तर निम्म्याजणी कुठली ना कुठली गोळी खातायत. तेव्हापासून चेष्टा बंद केली.

डॉक्टरबाईंनी माझी उंची मापली आणि विचारलं, लहानपणी खायला काय असायचं? म्हटलं, सकाळची भाकरी संध्याकाळी, आणि दिवसभर मेंढरांमागं चाल. त्या म्हणाल्या, "आईच्या पोटात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत जे शरीर उपाशी राहतं, ते थोडक्यात भागवायला शिकतं. उंची खुंटते. पुढं खाणं वाढलं आणि चालणं थांबलं की त्याला ते सोसत नाही. सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण धोका वाढतो." मला हसू आलं. त्या बघायला लागल्या तशी मी म्हटलं, "आमच्याकडं कोकराचं असंच असतंय बघा. पहिल्या दोन महिन्यात दूध तुटलं की मागनं किती बी चारा घाला, नुसती चरबी धरतंय, अंग धरत न्हाई. जाणता माणूस पाठीवरनं हात फिरवून वळखतो." त्याही हसल्या. पण घरी येताना रिक्षात मला रडू फुटलं. कोकराचं आपल्याला सगळं कळत होतं, आणि आपल्या पोरींच्या पाठीवरनं कुणी हात फिरवून बघितला नाही.

कालचं सांगते. तुझी धाकटी बहीण, माझी मावशी, बाळंतपणाला मदतीला आलीय. ती लगेच पोरीच्या बाजूनं झाली. मला म्हणाली, "आक्कानं तुझी सुटका अशीच केली. तिच्या शब्दाबाहेर जाऊ नगं." मी म्हटलं, "मावशे, दवाखाना दहा मिनिटांवर हाय. अडलं तर बघायला माणसं हायत. पोटातल्याचं वजन कमी भरतंय, असं डॉक्टरबाईच म्हणाल्यात." तर पोर म्हणते, "त्यांचं काय, त्या लिहून मोकळ्या. आजीनं किती बाळंतपणं केली." आठ वर्षांची होईपर्यंत तुझ्या कुशीत झोपलेली पोर ती, तुझ्यापुढं डॉक्टरचं काय चालणार. मला दिसत होतं, आणखी दोन महिने असेच गेले तर माझ्यासारखंच एक लेकरू जन्माला येणार आणि चाळिशीत गोळ्या मोजणार. तुला मध्ये आणल्याशिवाय ती खाणार नव्हती.

मी म्हटलं, "तुझी आजी जाताना मला सांगून गेलीय. म्हणाली, माझं चुकलं, नातीला पोटभर वाढ."

मावशी हळूच म्हणाली, "आक्का म्हणली असं?"

"म्हणली."

पोरीनं ताट पुढं ओढलं. उरलेली अर्धी खाल्ली, वर एक अख्खी, दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर मटकी. मावशीनं स्वतःच्या हातानं दूध तापवून दिलं. आज सकाळी पोरीनं न सांगता मागून घेतलं. हे दोन महिने मी तिच्या ताटासमोरनं उठणार नाही, आणि बाळ आल्यावर त्याच्या तोंडात चहात बुडवलेलं बिस्कीट घालायला आलेला हात, मावशीचा असला तरी, धरणार आहे. माझी उंची आता वाढायची नाही, ते गेलं. पण हे माझ्यापाशी थांबलं पाहिजे.

हा कागद मी पोरीच्या हाती लागू देणार नाही, कारण तू तसं काही म्हणाली नव्हतीस. शेवटच्या आठवड्यात तू भानावरच नव्हतीस. मेंढरं विकून पाच वर्षं झाली होती आणि तू उशाशी चाचपडत म्हणत होतीस, "गाभण मागं ऱ्हाईली गं, तिला आधी चारा." मी त्यातली मेंढी काढली आणि तुझी नात घातली. खोटं बोलले, आये, तुझ्या नावावर. परत विचारलं तर परत तेच सांगेन.