ओढ्यापलीकडची अकरा घरं

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम काही सांगावं असं मला फारसं वाटलं नाही. माझं लग्न, कसबा बावड्यातलं घर, शाहूपुरीतल्या ऑफिसातली नोकरी, हे सगळं तुम्ही बघून गेला होतात. आज सांगायचं आहे ते तुमच्या तारेचं. चंदगडच्या डोंगरात, ओढ्यापलीकडच्या अकरा घरांच्या वाडीवर तुम्ही टेलिफोनची तार ओढली होती. ती आता नाही. ती माझ्यामुळं गेली, आणि ती गेल्यावर दोन महिन्यांत तिथं एक माणूस मेला.

तुम्ही लाईनमन होतात तेव्हाचं चंदगड मला पावसातलंच आठवतं. जून ते सप्टेंबर आपल्या घराच्या भिंतीला शेवाळ, कपड्यांना बुरशी, आणि रोज कुठला ना कुठला खांब आडवा. सकाळी खांद्याला पिशवी अडकवून तुम्ही निघायचा आणि दिवस मावळायला भिजून परत यायचा. आई तुमचा खाकी शर्ट चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायची, त्यामुळं त्याला बारा महिने धुराचा वास. जेवणाआधी तुम्ही तक्रारींची वही काढायचा. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे, म्हणून तुम्ही सांगायचा आणि मी लिहायची. कुठला नंबर बंद होता, काय झालं होतं, आणि शेवटच्या रकान्यात ‘चालू’. त्या रकान्याचा मला भारी अभिमान. आमच्या वर्गात कुणाच्याच बापाच्या वहीत कुणी लिहीत नव्हतं.

एका शनिवारी तुम्ही तापानं फणफणून आलात आणि न सांगताच झोपलात. वहीत चार नंबर बाकी होते. तुम्ही चारही ठिकाणी जाऊन आला असणार असं धरून मी चौघांपुढं ‘चालू’ लिहून टाकलं. शेवटचा, भाताच्या गिरणीचा फोन राहिला होता. सकाळी वही बघितल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. अंगात ताप असताना मला घेऊन पहिल्या एसटीत बसलात. गिरणीत नेऊन मालकापुढं उभं केलंत आणि मला बोलायला लावलंत, की मी तुमचा फोन चालू म्हणून लिहिला आहे आणि तो बंद आहे. मालक हसला, म्हणाला, पोरगी हाय, सोडा. तुम्ही सोडलं नाहीत. खांबावर चढून तार जोडलीत, मालकाला एक्स्चेंजला फोन लावायला लावलात, तिकडचा माणूस बोलला, आणि मग माझ्या हातात पेन दिलंत. परतताना एसटीत एवढंच म्हणालात, “लिवलंस म्हंजी झालं व्हय? पलीकडनं माणूस बोलला की मग लिवायचं.” मी बारा वर्षांची होते. घरापर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत होते, आणि तुम्हाला ते कळत होतं.

आता माझं काम काय आहे ते सांगते. गावागावात घरोघरी जोराचं इंटरनेट द्यायची योजना आहे. तुमच्या तांब्याच्या तारेऐवजी काचेची, केसासारखी बारीक तार, फायबर म्हणतात. घरात भिंतीवर एक पांढरी डबी बसते. तार पोचली की डबीवर हिरवा दिवा लागतो, नसली तर लाल लुकलुकतो. खांब उभे करणं, डब्या बसवणं हे ठेकेदाराचं काम. झालेल्या कामाची तपासणी करून यादीत ‘पूर्ण’ लिहिणं हे माझं.

गेल्या मार्चमध्ये आमच्याकडं तालुक्यातली सगळी गावं झाली होती, ही वाडी सोडून. ओढ्याअलीकडच्या गावातल्या शाळेपर्यंत फायबर आलं होतं. पुढं ओढा आणि जंगल, खांबांना परवानगी मिळालेली नव्हती. ठेकेदारानं मात्र अकरा घरांत डब्या बसवून फोटो काढून पाठवले होते. मी बघायला गेले. पहिल्याच घरात एक साठीच्या आसपासची बाई होती. तिचा नवरा घरामागच्या परड्यात काजूच्या बिया वाळत घालत होता. डबी नवी म्हणून तिनं तिला हळदकुंकू लावलं होतं. म्हणाली, “लाल लागतोय की. हिरवा कधी लागायचा?” मी म्हटलं, आठ-पंधरा दिवसांत. तिनं मला कोकम सरबत दिलं. नवऱ्यानं जाताना मूठभर काजू दिले, पदरात नाही, रुमालात बांधून, नीट गाठ मारून.

ऑफिसात आल्यावर मी साहेबांना सांगितलं की वाडीवर लाईन पोचलेली नाही. साहेब म्हणाले, डब्या लागल्यात ना, परवानगी येईलच, अकरा घरांसाठी अख्खा तालुका अपुरा दाखवायचा का? आबा, मला कुणी धमकावलं नाही. नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नाही. समोर चहा आला होता. मी चहा पीत पीत अकरा नावांपुढं ‘पूर्ण’ लिहिलं, आणि संध्याकाळी बावड्याला जाताना भाजी घेऊन गेले.

पुढचं मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. आमची यादी इतर कचेऱ्यांतही जाते. तालुक्यातल्या तुमच्या तारा केव्हाच निघाल्या होत्या, पण त्या वाडीला मोबाईलची रेंज नाही, म्हणून त्या बाईच्या घरातला एक जुना फोन तुमच्यामागून आलेल्या लाईनमननं कसाबसा जिवंत ठेवला होता. अख्खी वाडी तोच वापरायची. यादीत वाडी पूर्ण दिसल्यावर मे महिन्यात टेलिफोनची माणसं आली, आता तुमच्याकडं नवीन आलंय म्हणाली, आणि फोन आणि तार काढून घेऊन गेली.

जुलैत एके दिवशी ऑफिसात पेपर चाळताना आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली. सर्पदंश, वाडी, रेंज नसल्यानं उशीर. साहेबही वाचत होते. म्हणाले, पण ही वाडी तर आपल्याकडं पूर्ण आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि चंदगडची एसटी धरली.

ओढ्याला पाणी होतं, वरच्या साकवावरून, लाकडी पुलावरून, फेरा घेऊन जावं लागलं. ती बाई ओसरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, “डबीवाल्या बाई न्हवं तुमी? बसा.” तिच्या मागं भिंतीवर डबी होती, लाल दिवा लुकलुकत होता, हळदकुंकू तसंच. मे महिन्यात फोन काढून नेल्यापासूनचं सगळं तिनं न रडता सांगितलं. दुपारी नवरा गोठ्यात गवत ओढायला गेला, गंजीत घोणस होती, हाताला चावली. शेजारचा माणूस रेंज मिळते का बघायला टेकाडावर पळाला. ढग उतरलेले, काही लागेना. मग तो साकवावरून गावात गेला. तिथून जीप निघून पलीकडच्या काठाला येईपर्यंत तीन तास गेले. वाडीतल्या माणसांनी त्याला घोंगड्याच्या झोळीत घालून साकव ओलांडला. चंदगडच्या दवाखान्याच्या अलीकडंच तो गेला.

मी म्हणाले, जुना फोन असता तर. तिनं माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

“फोन असता तर वाचलं असतं, असं मी म्हणत न्हाय,” ती म्हणाली. “घोणस हुती. पण कुणाला तरी इचारता आलं असतं की. हात बांधू का नको, पाणी पाजू का नको. दवाखान्यातली बाई सांगती की फोनवर. हितं कोण हुतं? मी नुसतं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.”

मग ती त्या जुन्या फोनबद्दल बोलत राहिली. फोन बसला तेव्हा ती नवी नवरी होती. जोडून देणारा लाईनमन खाली ओढ्याजवळच्या खांबावरून फोनवर बोलत होता आणि सासूला म्हणत होता, बोला, जेवला का? सासू लाजून बोलेचना. तो पावसात खांबावर तसाच थांबला, सासूच्या तोंडून ‘व्हय, जेवलो’ निघेपर्यंत. तेवढं सांगताना तिच्या तोंडावर जरा हसू आलं आणि लगेच गेलं. मी तिच्या अंगणातल्या चिखलाकडं बघत होते.

परत आल्यावर मी पत्र लिहिलं, की या अकरा घरांची जोडणी झालेली नाही, नोंद दुरुस्त करावी. त्यात मी ‘तांत्रिक कारणामुळे नोंदीत त्रुटी राहिली’ असं लिहिलं. कुणाच्या हातून राहिली ते लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बातमी छापून आल्यामुळं परवानगी लगेच हलली. पाऊस उघडल्यावर खांब उभे राहिले आणि दिवाळीच्या आधी वाडीवर फायबर पोचलं. यावेळी मी जोडलेल्या प्रत्येक घरात थांबून फोन लावायला लावला आणि पलीकडचा आवाज ऐकला. एका म्हाताऱ्यानं गोव्यातल्या मुलाला तोंड दाखवलं आणि त्याच्याशी बोलायचं सोडून शेजाऱ्यांना हाका मारत सुटला. चांगलं काम आहे आबा, मी ते वाईट म्हणणार नाही. दहा घरांत हिरवा दिवा आहे. अकराव्या घरातल्या बाईनं डबी खिळ्यांसकट काढून पिशवीत घालून ठेकेदाराच्या माणसाला परत दिली होती, आणि भिंतीतली भोकं शेणमातीनं लिंपून टाकली होती. मी दारावरून गेले तेव्हा दार ओढून घेतलेलं होतं. मी कडी वाजवली नाही.

हे पत्र मी ऑफिसच्या कोऱ्या कागदांवर लिहिते आहे. लिहून झालं की फाडून टाकीन, मुलांच्या हाती लागायला नको. त्याआधी एक राहिलं, ते वर लिहायचं मी टाळलं. जुलैत गेले होते तेव्हा, मी उठताना त्या बाईनं मला विचारलं, “तुमच्या बोलण्यात हितलं वळण हाय. कुणाच्या म्हणायच्या तुमी?” तुमचं नाव घेतलं असतं तर तिनं मला परत बसवलं असतं, चुलीपाशी नेलं असतं, वाडीला हाक मारून बोलावलं असतं. मी म्हटलं, मी बावड्याची.

“मग लांबच्या की,” ती म्हणाली. “साकव निसरडा हाय, बघून जावा.”