गुरुवारचं टेबल

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, शिव्याही मिळाल्या. महिनाभर पत्र नाही म्हणजे मी खपलोच असं तू धरून चाललीस, पण अजून आहे. दुकानात कामाचा नुसता ढीग पडलाय. परीक्षा जवळ आल्या की अर्ध्या शहराला एकदम दिसेनासं होतं, आणि त्या सगळ्यांच्या चष्म्याच्या काचा माझ्याच हाताखाली घासायला येतात. घरी आलो तरी बोटांवरची पांढरी भुकटी जात नाही.

आमचं गुरुवारचं बाहेरचं जेवण मात्र चुकलेलं नाही. ही कसली नसती थेरं, असं तू विचारलंस. अगं, आम्ही तीनच टाळकी: मी, माझ्या जिन्यावरचा वायरमन आणि त्याच्या मावसबहिणीची मैत्रीण, ती शाळेत शिकवते म्हणून मास्तरीणबाई. तिघांचे पगार एकमेकांना लाजतील असे. तेव्हा आपल्याला झेपेल अशी खाणावळ हुडकायची आणि आठवड्यातून एकदा साहेबासारखं बसून जेवायचं. नियम एकच. ज्याचा गुरुवार असेल त्याने जागा शोधायची आणि तिघांसाठी त्यानेच मागवायचं. बाकीच्यांनी 'मला हे नको' म्हणायचं नाही.

परवाचा गुरुवार माझा होता. बस डेपोच्या मागे चार पायऱ्या उतरून एक जागा आहे. गल्ल्यावर मालकीणबाई, आत स्वयंपाकाला तिचा नवरा. ती मान न वळवता ओरडून सांगते, आणि तो आतून पातेल्यावर डाव आपटतो. एकदा आपटला म्हणजे आहे, दोनदा आपटला म्हणजे संपलं. दोघं नवरा-बायको याखेरीज एकमेकांशी बोलत असतील असं वाटत नाही. मी तिघांसाठी सूप मागवलं. वायरमन म्हणाला, हे जेवण आहे की दवाखाना. मास्तरीणबाईने वाटी पुसून घेतली आणि शांतपणे विचारलं, आता जेवण कधी येणार. आम्ही फार हसलो.

दोन पँटी शिवून पाठवशील का? कंबर जरा कमी धर, माप मागे लिहिलंय. हल्ली तशीच फॅशन आहे.

आईला माझा नमस्कार, भावोजींनाही. लोभ आहे तेवढा राहू दे, शिव्या थोड्या कमी केल्यास तरी चालेल.

तुझा
टिल्लू

१३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आधी हसत वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मशीन बंद करून तशीच बसून राहिले. समोर गिऱ्हाईक ब्लाउज घ्यायला उभं होतं, त्याला उद्या या म्हटलं.

मी शिंपीण आहे रे. फॅशनने कंबर खाली जाते, कमी होत नाही. तू दिलेलं माप तू कॉलेजात असतानाचंही नाही, त्याआधीचं आहे. म्हणून तुझी जुनी पत्रं काढली. त्यात मालकीणबाई आहेत, खुर्च्या आहेत, वायरमनने किती चापलं तेही आहे. तू काय खाल्लंस ते कुठेच नाही. तुझा गुरुवार आला की कधी सूप, कधी पेज, एकदा तर नुसतं कस्टर्ड. लहानपणी माझ्या ताटातली पोळी पळवणारा तू.

सरळ विचारते. तुला घास गिळायला त्रास होतो का? होत असेल तर कधीपासून? अण्णांचंही असंच सुरू झालं होतं, आधी कडक गेलं, मग कोरडं गेलं, आणि विचारलं की पोट भरलंय म्हणायचे. मला भीती वाटते. थट्टा करून उडवून लावू नकोस.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरी नको. आईच्या हातात पडायला नको.

जेवत जा असं तरी कसं लिहू? आशीर्वाद आहेतच.

तुझी
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होय.

नवीन वर्ष लागल्यापासून. आधी पाव अडकायचा, मग भात. छातीच्या मधोमध घास थांबतो आणि तिथेच बसून राहतो. पाणी प्यायलो की सरकतो, कधी पाण्यानेही सरकत नाही. मग उठून बाहेर जाऊन यावं लागतं. मी नेहमी भिंतीकडच्या खुर्चीवर बसतो. कागदी रुमालात घास काढून घेतो. वायरमन बोलण्यात गुंतला की माझ्या ताटातलं त्याच्या ताटात सरकवतो. तो बिचारा म्हणतो, या जागेला बरकत आहे, ताट संपतच नाही. ताई, हे लिहिताना मला हसू येतंय, पण तिथे बसलेला असतो तेव्हा तळव्यांना घाम सुटतो.

मला काय झालंय ते मला माहीत आहे. म्हणूनच तपासायला जात नाही. हॉस्पिटलात नंबर लावून आलोय, पण जाईन असं वाटत नाही. अण्णांची तपासणी झाली त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, आठवतंय? आई घास मऊ करून द्यायची, ते खायचे, आपण खाली मान घालून बसायचो. जोवर मला कोणी काही सांगत नाही, तोवर मी गुरुवारी मित्रांबरोबर जेवायला जाणारा माणूस आहे. तेवढं माझ्याकडे राहू दे.

आईला काही सांगू नकोस, तुला माझी शपथ.

लोभ ठेव, काळजी मीच करतोय, तू वाटून घेऊ नकोस.

तुझा
टिल्लू

२३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. काल एकदम लख्ख आठवलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणून घाईने लिहिते.

अण्णा गेल्यानंतरच्या वर्षी मलाही अगदी हेच झालं होतं. तू तेव्हा वसतिगृहात होतास, तुला कळवलं नाही. घास छातीत अडकायचा, पाण्याने सरकायचा, सगळं तू लिहिलंस तसंच. मी मरणाची घाबरले. शेवटी तुझ्या भावोजींनी ओढतच नेलं. नळी घालून पाहिलं आणि डॉक्टर म्हणाले, आत काही नाही, स्वच्छ आहे. म्हणाले, बाई, तुमच्या मनाने धास्ती घेतलीय, तीच गळा आवळतेय. आणि खरंच रे, नुसतं ते ऐकून महिन्याभरात मी पोळी खायला लागले.

तुझंही तेच असणार. एका घरातली आपण, एकाच ताटाकडे बघत बसलो होतो. तुझ्या कामाचं तर विचारूच नको, दिवसभर एकटा मान खाली घालून बसतोस, मनात नाही नाही ते येणारच. तपासून घे सवडीने, पण आता रात्री जागू नकोस. निवांत बस, चावून खा, मनातून काढून टाक.

पँटी शिवल्या आहेत. कंबर तुझ्या मापाची धरली आहे, पण आत कापड जास्त ठेवलंय. उसवायला सोपं जाईल. तू भरशीलच.

आशीर्वाद, आणि आज पहिल्यांदा हसत सही करते.

तुझी
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. भीतीच आहे! मला हे कसं सुचलं नाही? हॉस्पिटलातला नंबर दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. त्या म्हाताऱ्या बाईने मला तोंड भरून आशीर्वाद दिले, तेही वाया जायचे नाहीत.

काल चहात बुडवून बिस्कीट खाल्लं. थोडं अडकलं, पण मी स्वतःला बजावलं की ही धास्ती आहे, आणि गेलं. येता गुरुवार वायरमनचा आहे. त्याला सांगून ठेवलंय, मटण मागव, मोठे तुकडे, बरोबर पाव. तो म्हणाला, आज सूर्य कुठे उगवलाय.

लोभ तर आहेच, आता भूकही आहे.

तुझा
टिल्लू

३ एप्रिल

आदरणीय ताईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी टिल्लूच्या जिन्यावर राहणारा वायरमन. तुमचा पत्ता त्याच्याकडे आलेल्या पँटींच्या पुडक्यावरून घेतला. त्याने तुम्हाला कळवू नका म्हणून हात जोडले होते, तरी लिहितोय. त्याला नंतर रागवा, मला आत्ता रागवू नका.

काल आम्ही डेपोमागच्या खाणावळीत बसलो होतो. टिल्लू खूप खुशीत होता. पहिल्याच घासाला त्याने मटणाचा मोठा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि थांबला. आम्हाला वाटलं नाटक करतोय, मास्तरीणबाई तर टाळ्या वाजवायला लागली. मग त्याचा चेहरा पाहिला. श्वास चालू होता, पण पाणी दिलं तर ते तसंच परत आलं. स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरेना. छातीवर मूठ दाबून तो वाकून बसला होता. मालकीणबाई गल्ला उघडा टाकून रस्त्यावर धावल्या आणि टेम्पो थांबवला. त्यांचा नवरा पहिल्यांदाच बाहेर आला, त्याने टिल्लूला उचलून टेम्पोत बसवलं.

डॉक्टरांनी नळीने तुकडा काढला. आता तो बोलतोय, बसतोय. पण खाली त्यांना काहीतरी दिसलं. त्याचा कण काढून तपासायला पाठवलाय. नक्की काय ते आम्हाला सांगत नाहीत, घरच्यांना बोलवा म्हणतात.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. कोणा शहाण्याने त्याला सांगितलं होतं की हे सगळं मनाचं आहे. त्या भरवशावर याने लावलेला नंबर सोडला. कोण ते विचारलं तर भिंतीकडे तोंड करतो. तो शहाणा मला भेटला तर मी त्याला चांगला सुनावणार आहे.

लवकर यावं. आम्ही पाळीपाळीने त्याच्याजवळ बसतो आहोत. ओळख नसताना लिहिलं, राग नसावा.

आपला
वायरमन

७ एप्रिल

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचते आहे. फोन करायला दोनदा पोस्टात गेले, पण तुझा आवाज ऐकायचा धीर झाला नाही. भावोजी मागून येतील.

वायरमनचं पत्र दुकानात वाचलं. ज्याला तो सुनावणार आहे तो कोण, हे तू सांगितलं नाहीस. तुला मी काय म्हणू? माझा गळा मोकळा झाला तो डॉक्टरांनी आत पाहिल्यावर, न पाहता नाही. तेवढंच मी विसरले. विसरले असंही नाही, टिल्लू. मला ते विसरायचं होतं. तुझं दुखणं माझ्यासारखंच निघावं म्हणून मी इतकी धडपडले की तुला तपासायला लावणं सवडीवर टाकून मोकळी झाले.

आईला सांगितलंय की तुझ्या शहरात कापड स्वस्त मिळतं म्हणून चालले आहे. तिने काही विचारलं नाही. डब्यात मऊ भात भरून दिला, म्हणाली, वाटेत लागेल.

मी येईपर्यंत धीर धर.

तुझी
ताई

१६ एप्रिल, गुरुवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ताई उद्या सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन येते आहे, म्हणजे वाचशील तेव्हा ती तुझ्याजवळ असेल. मीच तिला म्हटलं की तू तोंडाने सांगू नकोस, मी लिहितो.

आई, मला अण्णांचंच झालंय. काल कळलं. गाठ आहे, पण लहान आहे, आजूबाजूला पसरलेली दिसत नाही. अण्णांना दाखवलं तेव्हा फार उशीर झाला होता, माझं तसं नाही, असं डॉक्टर म्हणतात. सोमवारी ऑपरेशन आहे. त्यानंतर मी जेवू शकेन अशी त्यांना आशा आहे. वचन देत नाहीत. ताईने तीन वेळा विचारलं, तीनही वेळा त्यांनी आशाच म्हटलं.

आम्ही आत्ता डेपोमागच्या खाणावळीत बसलोय. मी म्हटलं, ऑपरेशनआधी एकदा यायचंय, आणि कोणी नाही म्हटलं नाही. माझ्यासमोर दूध आहे. मास्तरीणबाई आणि ताई जेवतायत, म्हणजे ताई भाताची शितं इकडून तिकडे करतेय. मघाशी तिने वायरमनला सांगितलं की तो शहाणा मीच. मग त्याने पाण्याचा जग उचलून तिचा ग्लास भरला आणि म्हणाला, जेवा ताई, आपण सगळेच घाबरलोय. सगळ्यांसमोर हे असं कोणी म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग मलाही म्हणता आलं. मी सांगितलं की मी किती महिने घास रुमालात काढत होतो. मास्तरीणबाई रडली. वायरमन म्हणाला, म्हणजे माझं ताट का संपत नव्हतं ते आता कळलं, आणि आम्ही हसलो. भीती गेली नाही, पण हसलो.

ताई म्हणते, तुला सगळं आधीच कळलं होतं, डब्यातल्या भातावरून तिने ओळखलं. असेल. अण्णांच्या वेळीही तुला आमच्याआधी कळलं असणार, आणि तू एकटीने ते घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायचीस. आम्ही कोणी तुला विचारलं नाही, तूही आम्हाला सांगितलं नाहीस. मला तसं नको आहे. सोमवारी तू माझ्याजवळ हवीस, आणि रडायला आलं तर माझ्यासमोर रड.

मी फार भ्यालोय, आई. ताईबरोबर ये.

तुझा
टिल्लू