संकेतच्या वतीने

मिरज, ४ ऑगस्ट २०११

चि. सौ. हेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

लीलाला जाऊन चार महिने झाले. तेराव्याला मी संकेतला चारचौघांत म्हणालो की आई होती तेव्हा सवड नव्हती, जेवायला बरा आलास. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. बोललो ते लागट होतं, कबूल. पण आई आजारी असताना मुलाने लखनौहून निघू नये? दर रविवारी तो तुझ्याकडे जेवतो. परक्यांची भांडणं मिटवायचा तुझा व्यवसाय, तर घरच्या पोरालाही चार शब्द सुनाव. त्याने चुकलो म्हणावं, इतकंच. मला एकुलता एक आहे गं तो.

मेथकूट पाठवलंय.

तुझा,
गोपीनाथदादा

वृंदावन योजना, लखनौ, १३ ऑगस्ट २०११

ती. दादास,
शि. सा. न. मेथकूट पोचलं. निम्मं तुझा लेकच विकास नगरला, त्याच्या खोलीवर घेऊन गेला.

सुनावणं माझ्या कामात बसत नाही. कोचिंग म्हणजे शिकवणी असं तू अजून धरून बसलायस. मी सल्ला देत नाही, विचारते. आणि जो तक्रार घेऊन येतो त्याच्यापासूनच सुरुवात करते. म्हणजे तुझ्यापासून.

मागे इथल्या चौक बाजारातले दोन भाऊ आले होते, चिकनकारीच्या भरतकामाचं दुकान एकत्र, बोलणं बंद. मी त्यांच्या जागा बदलल्या आणि सांगितलं, आता समोरच्याच्या वतीने बोला, पण ‘मैं’ म्हणून. धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसून म्हणाला की मैं डरता हूँ, ये मुझे छोड़ के चला जाएगा. थोरल्याने उठून त्याचा हात धरला.

तू तेच कर. संकेत होऊन स्वतःला पत्र लिही. लिहिलेलं खोडायचं नाही. मला दाखवायचीही गरज नाही. जन्मभर मास्तरकी केलीस, गृहपाठ चुकवू नकोस!

लोभ आहेच, तो आणखी मागते.
हेमा

मिरज, २४ ऑगस्ट २०११

चि. सौ. हेमास,
आशीर्वाद. तुझा गृहपाठ आधी मला पोरखेळ वाटला. तीन दिवस कागद कोराच होता. काल बसलो आणि दुसऱ्याच ओळीत लिहून गेलो, ‘बाबा, मी निघतो म्हणालो तेव्हा तुम्हीच नको म्हणालात.’

हे खरं आहे. त्याचा फोन आला होता. त्याच्या संशोधनाचा अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा होता. साधा ताप आहे, काम सोडून येऊ नकोस, असं मी सांगितलं. डॉक्टरही तेव्हा तसंच म्हणत होते. दोन दिवसांत सगळं हाताबाहेर गेलं. तेराव्याला लोक विचारू लागले, तेव्हा माझी जीभ त्याच्यावर घसरली. पोरगा सगळ्यांदेखत गप्प उभा राहिला, माझं नाव घेतलं नाही त्याने.

येत्या शुक्रवारी निघतो. त्याला काही समजावू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. चुकलो हे मीच म्हणणार आहे. पण त्याला ठाऊक नसलेलं एक आहे, तेही समोर बसून सांगायचंय. शेवटच्या दिवशी लीलाने तीनदा विचारलं, संकेत कधी येतोय. मी तिला सांगितलं, त्याला सवड नाही.

माया असू दे.
गोपीनाथ