पडलेल्याला उठवण्याचा नियम

सोमवार, ५ मे

मनीषनगरात चिन्मयीच्या घरी राहायला आले. सामान लागलं. खिडकीसमोर कडुलिंब, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या, टेबलावर चिन्मयीने ठेवलेली संत्र्याची बर्फी. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. एकसष्टाव्या वर्षी कुणी काम देईल असं वाटलं नव्हतं. चिन्मयी माझी विद्यार्थिनी. दोन वेण्या, बोटांना शाई, मधल्या सुट्टीत कपाटांमागे बसून वाचणारी. आता चौतिसाची आहे आणि अजून मला ‘मिस’ म्हणते.

ती आणि तिचा सहकारी गौरांग ‘पळस’ नावाची मुक्त संगणकप्रणाली बांधताहेत. कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. तिची पुस्तिका साध्या भाषेत लिहिणं हे माझं काम. वरच्या मजल्यावर चिन्मयीचे वडील मनोहरराव राहतात. मौद्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त, हृदय नाजूक, जीभ मात्र ठणठणीत. मला पाहून म्हणाले, “या नीलाबाई! या दोघायचं लिहिलेलं या दोघायलेच समजत नाही.”

बुधवार, ७ मे

आज गौरांगने शिकवलं. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी एक प्रोग्राम जागा होतो. त्याचा क्रमांक एक. ही मुलं त्याला ‘इनिट’ म्हणतात. बाकी सगळ्यांना तोच उठवतो. एखाद्याचा पालक मेला, तर ते पोरकं पोर तो आपल्याकडे घेतो.

माझे डोळे भरून आले. आई गेल्यावर कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर अ‍ॅग्नेसनी मला असंच जवळ घेतलं होतं.

कोणतं इनिट निवडायचं, यावर जेवण होईपर्यंत वाद. एक जुनं, सगळ्यांना रांगेत एकेक उठवणारं. एक नवं, अवाढव्य, सगळ्यांना एकदम उठवणारं. मनोहररावांनी वरणात भात कालवताना निकाल दिला, की आधी पाणी, मग पंखे, मग कोळसा. सगळं एकदम लावलं तर बॉयलर तुमच्या घरी येते. शेवटी आपलंच, लहानसं लिहायचं ठरलं. जिन्याखालच्या यंत्रावर त्याची चाचणी सुरू आहे. घरातला पंप, दारावरची घंटा, मनोहररावांच्या मनगटावरचा नाडी मोजणारा पट्टा, प्रत्येकाची त्याच्या यादीत एक ओळ. पट्ट्याच्या ओळीला चिन्मयीने नाव दिलंय ‘बाबा’.

शुक्रवार, ९ मे

एखादा प्रोग्राम मधेच कोसळला तर किती वेळा उठवायचा? गौरांग म्हणाला तीनदा, मग सोडून द्यायचं आणि माणसाला कळवायचं. मनोहररावही त्याच्याच बाजूने. तीनदा बंद पडलेली मशीन उघडून पाहिल्याशिवाय चौथ्यांदा लावली, तर हात जातो म्हणाले.

मी उगाच मधे बोलले. पडलेल्या लेकराला उचलताना कुणी मोजतं का? आणि एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा असा भेदही नको. गौरांग हसला, “मिस, हे इनिट आहे, बालवाडी नाही.” पण चिन्मयीने माझं ऐकलं. सगळ्यांसाठी एकच ओळ लिहिली:

पडल्यास उठवावे : नेहमी

जिना चढता चढता मनोहरराव थांबून म्हणाले, “बाई, कोणाकोणाले पडूनच राहू द्या लागते.”

मंगळवार, १३ मे

मनोहरराव गेले. काल भर दुपारी जिना उतरताना “चिनू” म्हणून हाक मारली आणि कोसळले. संध्याकाळी घाटावर नेलं. मनगटावरचा पट्टा काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो त्यांच्याबरोबर जळाला.

आज जिन्याखालच्या यंत्रावर ओळीमागून ओळ येते आहे. ‘बाबा : पडले. उठवले.’ ‘बाबा : पडले. उठवले.’ गौरांग म्हणतो, पट्टा आता नाही, तरी प्रोग्राम तो शोधतो आहे, एवढंच. खरं असेल. पण प्रत्येक ओळीपुढे नाडीचा आकडा कसा येतो, हे त्याला सांगता आलं नाही.

चिन्मयी रडली नाही. ती त्या ओळी वाचत बसली आहे.

गुरुवार, १५ मे

दुपारचे दोन. बाहेर ऊन पांढरं झालेलं, गल्लीत कुत्रंही नाही. जिन्यावर चपलेचा आवाज. एक पायरी, दुसरी, एक शब्द, आणि कोसळल्याचा आवाज. मग पुन्हा वरून पहिली पायरी.

स्वयंपाकाच्या पंचफुलाबाई भिजवलेली कणीक तशीच टाकून निघाल्या. “मी नाही येत वं बाई आता. बुढा घडीघडी मरून राहिला जिन्यावर.” काय बोलता म्हटलं, तर म्हणाल्या, “तुमाले ऐकू नाही येत का?”

येतं. दर वेळी त्यांना एकाच शब्दापुरता श्वास मिळतो. मी लिहून घेतले.

मले.

जाऊ.

द्या.

मग परत, मले.

चिन्मयी खालच्या पायरीवर भिंतीला डोकं टेकून ऐकत होती. हसत होती. बंद कर म्हणून मी हात जोडले. ती म्हणाली, “मिस, बाबा आहेत ना. असू द्या.”

शनिवार, १७ मे

गौरांगने मेन स्विच खाली ओढला. जिना शांत झाला. आणि त्याच क्षणी चिन्मयी बोलता बोलता पडली. मी मनगट धरलं, नाडी नव्हती. श्वास नव्हता.

इन्व्हर्टर लागला. यंत्र घरघरलं. ती उठून बसली आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

गौरांग चपला न घालता निघून गेला. फोन उचलत नाही.

यादीत नवी ओळ आहे. ‘चिन्मयी : पालक क्रमांक एक.’ आई आधीच गेलेली, सोमवारी ती पोरकी झाली. इनिटने तिला आपल्याकडे घेतलं. असं घेतात? देवा, हे ऐकून मी रडले होते.

दवाखान्यात नेऊ म्हटलं. फाटकाबाहेर पाऊल टाकताच कोसळली. ओढत आत आणली — तेव्हा उठली.

रविवार, १८ मे

आता तीही पडते. वेणी घालताना. चहा गाळताना. उठते, आणि पडली होती हे तिला माहीतच नसतं.

‘बाबा’ची ओळ पुसली. पडली असं समजून इनिटने ती पुन्हा लिहिली.

जिन्यावरचा शब्द बदलला. आता — नीलाबाई. नुसतं नीलाबाई. दर वेळी.

नियम मला बदलता येतो. पुस्तिका मीच लिहिली आहे. पण ओळ एकच. सगळ्यांसाठी. ती मीच मागितली. त्यांना जाऊ दिलं तर ही —

सोमवार, १९ मे

सकाळपासून जिन्यावर चाळीस वेळा. मोजायचं नव्हतं, मोजलं. शेवटच्या वेळी शब्दही निघाला नाही, नुसतं तोंड उघडल्याचा आवाज. नाही सहन होत.

दुपार. ‘नेहमी’ पुसलं. पुढे काय लिहायचं ते — जागा कोरी आहे. कर्सर लुकलुकतो.

जिना शांत. किती दिवसांनी शांत.

चिन्मयी दारात पडली आहे. पाण्याचा पेला हातात होता, माझ्यासाठी आणत होती. उठत नाही. हात अजून ऊन आहे. अजून.

तोच शब्द परत लिहिला तर उठेल. आणि तेही. वरून, पहिल्या पायरीपासून —

मनोहरराव, तुम्हीच सांगा. तुमची लेक आहे. एक शब्द तरी —

नाही. वर काहीच नाही. माझ्यावर टाकलंय.

तिचा हात गार होतोय. बोटं आधी. तो शब्द मी लिहिते आहे, मी आता लिहि