सांबाऱ्यातलं मीठ

गणेश चतुर्थी, तिन्हीसांज

सांबाऱ्यात मीठ दोनदा पडलं की काय? डोक्यातून जातच नाही. चतुर्थीचा स्वयंपाक यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे, त्यात मुंबईची सगळी मंडळी पंगतीला. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात मी मीठ घातलं, केळीची पानं पुसून परत आले, तर जाऊबाई मिठाच्या बरणीला झाकण लावत होत्या. नैवेद्य व्हायचा होता, चाखून कसं बघणार? आणि विचारायचं तर सगळ्यांसमोर!

पुरुषांच्या पंगतीत कोणी काही बोललं नाही. मामंजींनी मात्र पुन्हा पुन्हा भात मागितला. सांबारा आवडला म्हणून, की खारट लागला म्हणून? मग आम्ही बायका बसलो, तर उरलेला सगळा सांबारा सासूबाईंनी आपल्याच पानात ओतून घेतला.

"तुमका कायएक उरूक नाय, गो."

अशा हावरट नाहीत त्या. मग असं का केलं?

आत्ता देवाजवळ दिवा लावून त्या स्वयंपाकघरात आल्या. तांब्याभर पाणी गटागटा प्यायल्या, पदराने तोंड पुसलं.

"उद्याची ऋषीची भाजी पण तूच कर," म्हणाल्या. "मीठ तेवढा मी घालतलंय."